बातमीवर शंका घ्यावी, पण कुठवर?



साथीची बातमी आली की आपल्यात दोन तट पडतात. एक म्हणतो, ‘फार भयंकर आहे.’ दुसरा म्हणतो, ‘काही नाही हो, चॅनेलवाल्यांचा धंदा!’ खरे कोणाचे मानावे?

2009 चा स्वाइन फ्लू आठवून पाहू. 3 ऑगस्टला पुण्यात एका शाळकरी मुलीचा मृत्यू झाला. देशातला तो पहिला बळी. मग वाहिन्यांवर दिवसरात्र आकडे फिरू लागले. मास्क अव्वाच्या सव्वा भावाने विकले गेले, पुण्याच्या नायडू रुग्णालयात तपासणीसाठी झुंबड उडाली, मुंबईत शाळा-कॉलेजे आठवडाभर बंद राहिली. त्याच वर्षी देशात क्षयरोगाने दोन लाखांहून अधिक माणसे गेली, पण त्यांची अशी रोजची मोजदाद कोणी दाखवली नाही. तेव्हा ‘उगाच बाऊ केला’ म्हणणाऱ्यांचे अगदीच चुकत नव्हते.

पण पुढचा हिशेब पाहा. सरकारी नोंदीनुसार स्वाइन फ्लूने देशात 2009 मध्ये 981 जण दगावले आणि 2010 मध्ये 1763. म्हणजे गलबला ओसरल्यावर मृत्यू वाढले. गलबला ऐकून घाबरणारा आणि त्याला हसणारा, दोघेही रोगाऐवजी टीव्हीकडेच पाहत होते.

मग कशाकडे पाहावे? शेजाऱ्याकडे. या रोगाचा धोका गरोदर स्त्रिया, दमेकरी व मधुमेही यांना अधिक होता. ‘मला काही होत नाही’ म्हणत एखाद्या धडधाकट माणसाने ताप अंगावर काढला आणि नेरूळहून सकाळच्या गर्दीची लोकल धरली, तर भोगावे लागते बाजूला उभ्या असलेल्या गरोदर बाईला. शंका आपली आणि किंमत दुसऱ्याने मोजायची, हा न्याय नव्हे.

खोटी साक्ष देऊ नये, ही आज्ञा इथेही लागू पडते. ऐकीव गोष्ट फुगवून सांगणे ही खोटी साक्षच, आणि माहिती न घेता ‘सगळे थोतांड’ म्हणणे हीसुद्धा. शंका जरूर घ्यावी. आकडा कोणी दिला, किती दिवसांचा आहे, कशाच्या तुलनेत मोठा आहे, हे विचारावे. उत्तर मिळेपर्यंत मात्र खोकताना रुमाल धरावा, ताप असल्यास घरी थांबावे. शेजारी कोणी आजारी असेल तर त्याचे नाव सोसायटीभर न करता त्याच्या दाराशी डबा ठेवावा.

बातमी खोटी ठरली तर यात आपले काही जात नाही. खरी ठरली तर कोणाचा तरी जीव वाचतो.