योग्य कोण?



ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वी दर मिस्सेत आपण एका परक्या सैनिकाची कबुली आपल्या तोंडी घेतो. प्रभूने आपल्या छपराखाली यावे एवढी आपली योग्यता नाही, असे म्हणतो आणि लगेच रांगेत उभे राहतो. ही कबुली मुळात कफर्णहूम गावच्या शताधिपतीची. त्याचा लाडका दास मरणाला टेकला होता.

संत लूकने सातव्या अध्यायात एक गोष्ट टिपली आहे. शताधिपतीने पाठवलेले यहुदी वडीलजन येशूला गळ घालतात की, हा माणूस योग्य आहे, आमचे सभास्थान यानेच बांधून दिले. आणि तोच माणूस मागाहून मित्रांकरवी निरोप धाडतो की, मी योग्य नाही. सभास्थानाचे तो नावही काढत नाही. आपण चर्चला एक पंखा दिला तरी त्याच्या पात्यावर नाव रंगवून घेतो!

तरीही हा स्वतःला तुच्छ लेखणारा माणूस नव्हे. हाताखाली शिपाई आहेत, जा म्हटले की जातात, हे तो सरळ सांगतो. पण मीही दुसऱ्याच्या अधिकाराखाली आहे, हे त्याआधी सांगतो. माणसातले उणे तेवढे त्याचे स्वतःचे आणि जे चांगले ते देवाचे, असा विचार तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी मांडला. सेमिनरीत आम्ही तो पाठ केला, परीक्षेत लिहिला, गुणही मिळवले.

मध्यंतरी एका सणाच्या मिस्सेनंतर आभार मानताना आमचे नाव राहून गेले. नम्रतेवर प्रवचन आम्हीच दिले होते! जेवताना आम्ही हसत होतो, मन मात्र त्या यादीत अडकले होते. रात्री प्रार्थनेला बसल्यावर लाज वाटली. ती लाजही निम्मी अभिमानाचीच होती, कारण आमच्यासारख्या धर्मगुरूला असे वाटावेच कसे, हा प्रश्न तिच्या मुळाशी होता. पुढे पापनिवेदनात हे सांगताना जीभ अडखळली. मोठे पाप सांगणे एकवेळ सोपे, एवढेसे क्षुद्रपण सांगणे कठीण.

शताधिपतीच्या विश्वासाचे येशूला नवल वाटले. ते त्याने लोकसमुदायाकडे वळून बोलून दाखवले, तेही शताधिपती समोर नसताना. लूकच्या वृत्तांतात ते दोघे एकमेकांसमोर येतच नाहीत. निरोप घेऊन गेलेले घरी परतले, तेव्हा दास बरा झालेला होता. त्या शताधिपतीचे नाव शुभवर्तमानात कुठेही लिहिलेले नाही.