सारवण आणि सारवासारव

रंग देण्याच्या क्रियेविषयी मराठी भाषेत एक जुना संशय मुरलेला आहे. ‘रंगरंगोटी’ म्हटले की आत काहीतरी ढासळले असावे असे वाटते, आणि ‘मुलामा’ हा शब्द तर जवळजवळ आरोपच आहे. सारवणे हे घरातले सकाळचे स्वच्छ काम. पण त्याच धातूपासून निघालेली ‘सारवासारव’ म्हणजे लबाडी झाकण्याची धडपड. उलट पितळेच्या पातेल्याला कल्हई लावली तर तिला फसवणूक कोणी म्हणत नाही, कारण कथलाचा तो पातळ थर नसेल तर आतली आमटी कळकेल. अपघातानंतर दुरुस्त करून नव्याने रंगवलेल्या मोटारीवरचा रंग यांपैकी कोणत्या जातीचा, कल्हईच्या की मुलाम्याच्या, असा प्रश्न आम्हांला पडतो. आपल्या घरांत गाडी मुलाकडे जाते, पुतण्याकडे जाते, शेवटी परक्याला विकली जाते. म्हणून प्रश्न निव्वळ शब्दांचा नाही.

कारखान्यात नुसता सांगाडा रंगवून सुमारे १४० अंश सेल्सिअसला भाजतात. सर्व थर मिळून रंगाची जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे लिहिण्याच्या साध्या कागदाहून फारशी अधिक नाही. दुरुस्तीच्या वेळी गाडीत तारा, रबर, प्लॅस्टिक सारे असते. तिथे ६० अंशांच्या आसपासच थांबावे लागते. त्यामुळे हाताला कोरडा लागणारा रंग खरे तर पुरता पिकलेला नसतो. आतले द्रावक पुढे कित्येक आठवडे उडत राहते. जाणता पेंटर म्हणूनच बजावतो की महिना-दोन महिने मेण लावू नका, गाडी सावलीत ठेवा, साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने धुवा, फिरत्या ब्रशांच्या यंत्राखाली नेऊ नका, पाखराची विष्ठा पडली तर तत्काळ पुसा. मालकाला हे ऐकवत नाही. त्याला दसऱ्याआधी गाडी हवी असते. मग कोवळ्या रंगावर ओल्या कुंकवाचे स्वस्तिक उमटते, तारेत ओवलेला झेंडूचा हार बॉनेटवर घासतो, आणि दुसऱ्याच दिवशी मेणाचा डबा उघडतो. आत अडकलेले द्रावक मग रंगाला मऊ आणि निस्तेज ठेवते.

चकाकी हे तर आणखीच नवल. ती काही लावून येत नाही, काढून येते. फवाऱ्यातून आलेला वरचा पारदर्शक थर संत्र्याच्या सालीसारखा बारीक खडबडीत असतो, त्यात धुळीचे कण रुतलेले असतात. कारागीर १५००, मग २००० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून तो सपाट करतो. या घडीला गाडी दुधी काचेसारखी आंधळी दिसते, आणि नेमका त्याच वेळी मालक आला तर त्याचा धीर सुटतो. त्यानंतर रबिंग, त्यानंतर पॉलिश. प्रत्येक पायरी मागच्या पायरीचे ओरखडे पुसते. हा पारदर्शक थर चाळीस-पन्नास मायक्रॉनचा, कडांवर त्याहूनही पातळ. म्हणून समजदार माणूस कडांना आधी चिकटपट्टी लावतो. पण दुसरीही वाट आहे. ओरखडे सपाट न करता ते तेलकट लेपाने बुजवले तरी गाडी ताब्यात देण्याच्या दिवशी तोच आरसा दिसतो. तीन-चार धुण्यांनंतर उन्हात उभी करावी, म्हणजे कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे वर येतात.

ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाविषयी १९६४ च्या व्हेनिस सनदेने सांगितले की बदललेला भाग मूळ रचनेशी सुसंगत असावा, पण तो नवा आहे हे ओळखू यावे. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये मान्य केलेली ट्यूरिन सनदही त्याच विचाराची आहे. मोटार रंगवणाऱ्याचा आदर्श मात्र नेमका उलटा: डाग कुठे होता ते सापडता कामा नये. आमच्या मते यात खोटेपणा नाही. वास्तू साक्षीसाठी उभी असते, मोटार वापरासाठी. (ग्वाल्हेर-इंदूरकडच्या ज्या घरांत उत्पादन २०१४ मध्येच थांबलेली अँबॅसडर जपून ठेवली आहे, त्यांनी या वाक्याला हरकत घ्यावी, त्यांची गाडी आता वास्तूच झाली आहे.) परंतु गाडी विकायला काढली की तीही साक्षीला उभी राहते. घेणाऱ्याने जाडी मोजण्याचे छोटे यंत्र लावले तर एक दार १२० मायक्रॉन सांगते आणि शेजारचे, खाली पुट्टी असल्याने, कित्येक शेकडे. रंग खोटे बोललेला नसतो. बोललेला असतो तो शेजारी उभा असलेला मालक, आणि तोही बहुधा गप्प राहून. गंजावर पुट्टी भरून वर आरसा चमकवणे ही गोष्ट निराळी. तिथे कोणी विचारण्याची गरजच नाही. पत्रा आत कुजत राहतो, आणि ती शुद्ध सारवासारव.

तिचा दोष एकट्या कारागिरावर टाकणे आम्हांला मान्य नाही. दराची घासाघीस आपण करतो, आणि घासाघिशीत पहिल्यांदा कमी होते ते खरे घासणे: वॉटर पेपरची एक पायरी, प्रायमरचा एक हात, वाळण्याचे चार दिवस. आणखी एक गोष्ट कमी होते. आजच्या रंगात मिसळण्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याचा फवारा श्वासात गेल्याने दमा जडतो हे वैद्यकाला चांगले ठाऊक आहे. त्यासाठी बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा लागतो. रुमाल बांधून फवारा मारणारा तरुण आपल्याला दिसतो, आणि आपण बॉनेटमध्ये स्वतःचे प्रतिबिंब पाहत उभे राहतो. मुखवट्याची चौकशी आधी करावी, दराची नंतर.

ओळखीच्यांना आम्ही आणखी एक सुचवतो. पुट्टी भरण्यापूर्वी एकदा जाऊन उघडा पत्रा पाहावा, त्याचे छायाचित्र काढावे, आणि बिलासह गाडीच्या कागदपत्रांत ठेवावे. म्हणजे पृष्ठभाग निर्दोष राहतो आणि खूण फायलीत राहते. गाडी विकताना ती फाईल घेणाऱ्याच्या हाती द्यावी. किंमत थोडी कमी येईल, हे गृहीत धरूनच.