पाचवे कारण

२०२४ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने आरंभिलेल्या सूर्यघर योजनेमुळे, तीन किलोवॅटच्या संचाला ७८,००० रुपयांपर्यंत मिळणाऱ्या अनुदानाच्या आधाराने, गावोगावच्या छपरांवर सौरपॅनेल चढू लागले. आणि त्यांच्याबरोबर, कठडा नसलेल्या गच्चीच्या कडेवर किंवा पावलाखाली फुटणाऱ्या सिमेंटच्या पत्र्यावर, रोजंदारीचे तरुणही चढू लागले. त्यांतला एखादा कोसळला म्हणजे पंचनामा होतो, आणि जमलेल्यांपैकी कोणी सुस्कारा टाकून म्हणतो की प्रारब्ध कोणाला चुकले आहे!

या उद्गारात करुणा असते हे मी नाकारीत नाही; परंतु तिच्या आडोशाला ठेकेदाराची कसूर किती निवांत बसते! गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्मसिद्धीची जी पाच कारणे सांगितली आहेत, त्यांत अधिष्ठान, कर्ता, साधने आणि नानाविध चेष्टा यांच्यानंतर दैवाला पाचवे स्थान आहे. अधिष्ठान म्हणजे येथे तो जीर्ण पत्रा, साधन म्हणजे कमरेला न बांधलेला पट्टा आणि तो अडकवण्यास छपरावर न ठोकलेली कडी, चेष्टा म्हणजे दिवस मावळण्यापूर्वी दुसरे घर गाठण्याची मुकादमाची घाई. यांची झडती घेतल्यावाचून पाचव्यालाच आरोपी ठरवणारा न्याय मला शास्त्रसंमत वाटत नाही. दैवाची सबब कायद्यानेही पुढे केली नव्हती: १९२३ सालच्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने, परकी राजवटीचा असूनही, मृत्यूची भरपाई मालकाच्या माथी टाकताना त्याचा दोष सिद्ध करण्याची अट घातली नव्हती.

तेव्हा घरमालकहो, वीजबिल किती उतरेल हे विचारण्याआधी, माणसांना बांधायचे दोर कोठे आहेत, हे ठेकेदारास विचारा.