गोळी कुठे थांबते?

सॉल्ट लेक सिटीतला माझा एक टीममेट दर ऑक्टोबरला आठवडाभर रजा टाकून एल्कच्या शिकारीला जातो. एल्क म्हणजे सांबराचा थोरला भाऊ. नर तीनशे किलोंच्याही वर भरतो. मी झुरळाशिवाय काही मारलेलं नाही, त्यामुळे त्याला मनातल्या मनात नापास करून टाकलं होतं. (मटण खाताना मी स्वतःची ही परीक्षा घेत नाही, तो भाग वेगळा.)

गेल्या वर्षी एका कॉलनंतर तो गोळ्यांबद्दल बोलायला लागला. शिशाची घ्यायची की तांब्याची, हे त्याचं ठरत नव्हतं.

शिसं मऊ. अंगात शिरलं की पसरतं, फुटतं. जनावर लवकर पडतं. तडफडायला लावू नये, इथेच बहुतेक शिकाऱ्यांची नीती संपते. पण शिशाचे कण जखमेपासून वीतभर लांबही उडतात. शिकारी मांस नेतो, आतडी तिथेच टाकतो आणि ती खायला कॅलिफोर्निया कोंडोर उतरतात. १९८७ साली ही गिधाडं जगात फक्त २७ उरली होती, सगळी पिंजऱ्यात. आता ती दक्षिण यूटाच्या आकाशात पुन्हा दिसतात आणि त्यांना सर्वांत जास्त मारतं ते शिसंच. कॅलिफोर्नियात २०१९पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी आहे.

मग तांब्याची घे की, मी म्हटलं. इतकं सोपं नाही, म्हणाला. तांब्याची गोळी फुटत नाही, पाकळ्यांसारखी उघडते. पण त्याला वेग लागतो. फार लांबून झाडली तर ती न उघडताच आरपार जाऊ शकते. मग जखमी एल्क डोंगरापलीकडे कुठेतरी हळूहळू मरणार. कोणाच्या वेदना आधी मोजायच्या?

मला डायक्लोफेनॅक आठवलं. आपल्याकडे गाईगुरांचं दुखणं कमी व्हावं म्हणून ते द्यायचे. गुरं मेली की ती खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. २००६मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली, तोवर आभाळ रिकामं झालं होतं. माझ्या पिढीने गिधाड पाहिलं ते बहुतेक मोबाइलवरच. त्या शेतकऱ्याला मी दोष देऊ शकत नाही. त्याला माहीत नव्हतं. माझ्या टीममेटला माहीत आहे. आणि माहीत असताना ‘लवकर मेलं ना?’ एवढंच विचारणं मला अपुरं वाटतं.

त्याने तांब्याची घेतली आणि अडीचशे यार्डांपलीकडे झाडायची नाही असं ठरवलं. शेवटच्या संध्याकाळी एक नर दिसला, चारशे यार्डांवर. शिशाची असती तर मारला असता, म्हणाला. वर्षभराचं मांस होतं ते. फ्रीझर रिकामा आहे म्हणून अजून कुरकुरतोय.