न दुखणारे शल्य

गर्भनिरोधक तांबी क्वचित गर्भपिशवीची भिंत भेदून पोटात उतरते. हजारात साधारण एक-दोघींच्या बाबतीत असे घडते. बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत आणि बाळाला अंगावर पाजत असताना हा धोका अधिक असतो. तपासणीत दोरा सापडत नाही, सोनोग्राफीत पिशवी रिकामी दिसते आणि एक्स-रेमध्ये तांबीची पांढरी आकृती भलत्याच जागी उमटते. पुष्कळदा त्या बाईला काहीच दुखत नसते. मग न दुखणाऱ्या वस्तूसाठी धडधाकट शरीराला छेद द्यावा का?

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला 26 वा अध्याय शरीरात दडलेले शल्य ओळखण्याविषयी आहे, 27 वा ते काढण्याविषयी. या ग्रंथात शरीराला पीडा देते ते शल्य, तसेच मनाला पीडा देते तेही शल्यच. मराठीतही शल्य मनात सलते.

शरीराचा विचार केला तर कौल काढण्याकडे झुकतो. तांब्यामुळे भोवती दाह होतो, आतडी चिकटतात, क्वचित आतड्याला भोक पडते. म्हणून लक्षणे नसली तरी तांबी काढावी, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. दुर्बिणीमुळे ते सोपे झाले. बेंबीपाशी सुमारे 1 सेंटीमीटरचा छेद घेऊन कार्बन डायऑक्साइडने पोट फुगवतात. आतड्यांवरच्या चरबीच्या पडद्यात गुरफटलेली, जेमतेम साडेतीन सेंटीमीटरची तांबी चिमट्याने अलगद सोडवून बाहेर काढतात. तरीही भुलीचा, रक्तस्रावाचा, आतड्याला इजा होण्याचा धोका उरतोच. त्यामुळे त्रास नसल्यास ती तशीच राहू द्यावी, असे मानणारे तज्ज्ञही आहेत.

मनाची पीडा मात्र एक्स-रेत दिसत नाही. पोटात काहीतरी आहे, या जाणिवेने एकीची झोप उडते. दुसरीला भुलीचेच भय मोठे वाटते. कोणते शल्य अधिक सलते, हे जिचे तिलाच कळते. म्हणूनच संमती हा उपचाराचाच भाग ठरतो.

सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये हेच तत्त्व मान्य केले. दुर्बिणीच्या तपासणीसाठी भूल दिलेल्या महिलेच्या आईची संमती घेऊन त्या महिलेचे गर्भाशय आणि बीजकोश काढले गेले होते. जीव वाचवण्याची निकड नसताना सज्ञान स्त्रीच्या वतीने दुसऱ्याने दिलेली संमती न्यायालयाने अग्राह्य ठरवली. तांबी काढतानाही नवऱ्याची वा सासूची सही पुरेशी नाही, आणि 'त्याच भुलीत' न विचारता नसबंदी उरकणेही गैरच. डॉक्टरांनी दोन्ही बाजूंचे धोके तिला समजेल अशा भाषेत सांगावेत; निर्णय तिचा.