संग्रह आणि परिग्रह

छंद म्हणून केलेला संग्रह बेजबाबदार वस्तुलोभ केव्हा ठरतो? वस्तूंची संख्या वा किंमत हा निकष सामान्यतः लावला जातो. तो अपुरा आहे. जैन विचाराने परिग्रहाचे मर्म वस्तूत नव्हे, तर तिच्याविषयीच्या मूर्च्छेत, म्हणजे आसक्तीत पाहिले. परंतु आसक्तीवाचून संग्राहकच संभवत नाही. म्हणून निकष अन्यत्र शोधावा लागतो.

मुंबई-पुणे लोहमार्ग आणि २००२ मध्ये पूर्ण झालेला द्रुतगती मार्ग यांच्या आधाराने कर्जत-खालापूर परिसरात शहरी मालकांची शेतघरे उभी राहिली. जुन्या वाड्याचे खांब, पितळी हंडे, दगडी जाती ही अशा घरांची परिचित शोभा. गिरणी आल्यावर गावाला जाते नकोसे झाले. शेतघरात त्याची तळी पायवाटेत बसली. यावर एक उत्तर तयार असते : घेणारा नसता तर दगड बांधावर पडला असता, हंडा मोडीत गेला असता. हे उत्तर खोटे नाही. मात्र वाचवण्याने हक्काइतकेच ऋणही निर्माण होते. जाते कोणत्या घरचे, त्याचा खुंटा कोणी धरला, ते का विकावे लागले, हे विचारलेच नाही तर दगड वाचतो आणि जाते नष्ट होते.

वाल्टर बेन्यामिन यांनी १९३१ च्या ग्रंथसंग्रहविषयक निबंधात मालकी हे वस्तूशी असलेले सर्वांत निकटचे नाते मानले, सार्वजनिक संग्रहापेक्षा खासगी संग्रहाला झुकते माप दिले. पण त्यांच्या संग्राहकाला ग्रंथाचे पूर्वीचे मालक, स्थळ, काळ यांचे भान असते. हे स्मरण वजा केल्यास त्या नात्यात केवळ ताबा उरतो.

‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनीही अडकित्ते, समया, दौती घराघरांतून उचलल्याच. अकाली गेलेल्या मुलाचे, राजाचे, नाव त्या संग्रहाला आहे. म्हणजे त्यामागे खासगी दुःखही होते. तरी सुमारे वीस हजार वस्तूंचा हा संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला आणि पुण्यात तो सर्वांना खुला झाला.

घाटमाथ्यावर मावळ-मुळशीत हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी जात्यावरच्या ओव्या जमवल्या. एक लाखाहून अधिक ओव्यांच्या त्या संग्रहात गाणारणीचे नाव आणि गाव नोंदले गेले. येथे एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. ओवी लिहून घेतली तरी ती गाणारणीपाशी उरते. जाते मात्र नेले की घरातून जाते. म्हणून वस्तूच्या संग्राहकाचे उत्तरदायित्व अधिक जड असते.

तात्पर्य, संग्राहकाने दोन प्रश्नांना उत्तर द्यावयाचे असते : वस्तू कोणाकडून, कोणत्या परिस्थितीत आली, आणि ज्यांच्याकडून ती आली त्यांना ती पुन्हा पाहता येईल काय. ज्या शेतघराच्या फाटकातून जाते विकणारी बाई केवळ मजुरीसाठीच आत येऊ शकते, तेथे संग्रह संपून परिग्रह सुरू झालेला असतो.