अधिकार विद्यार्थ्याचा, पारख गुरूची

विद्येचा अधिकार कोणाला, हा प्रश्न भारतीय दर्शनांनी विद्येच्या स्वरूपाइतकाच मूलभूत मानला आहे. सदानंदांच्या ‘वेदान्तसार’ या ग्रंथात अनुबंध, म्हणजे शास्त्राभ्यासाला प्रवृत्त करणाऱ्या गोष्टी, चार सांगितल्या असून त्यांत अधिकारी पहिला येतो आणि विषय, संबंध व प्रयोजन त्याच्यामागून येतात. मेंदूविज्ञानात पीएच.डी.ची किंवा तिच्या पुढच्या संशोधनाची, म्हणजे पोस्टडॉकची, जागा शोधणाऱ्या विद्यार्थ्यालाही जाहिरातीत प्रथम अधिकाराच्याच अटी भेटतात: नेट किंवा गेट ही पात्रता परीक्षा, वयोमर्यादा, प्रतिमांच्या विश्लेषणासाठी लागणारे प्रोग्रॅमिंग. ही चाळणी जन्मावर नव्हे तर परीक्षेवर उभी आहे, ही फार मोठी सुधारणा होय. परंतु तिच्यात पारख होते ती एकट्या विद्यार्थ्याची.

काशीच्या पंचगंगा घाटाची आख्यायिका येथे विचारात घेण्याजोगी आहे. विणकराच्या घरातल्या कबीराला दीक्षा मिळण्याची आशा नव्हती, म्हणून तो पहाटेच्या अंधारात घाटाच्या पायरीवर आडवा झाला, स्नानाला उतरणाऱ्या रामानंदांचा पाय त्याला लागला आणि त्यांच्या तोंडून निघालेले रामनाम त्याने मंत्र म्हणून स्वीकारले, असे परंपरा सांगते. या आख्यायिकेच्या ऐतिहासिकतेविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तथापि नाकारल्या गेलेल्या त्या साधकाने गुरू कोण हे आधीच ठरवले होते, ही गोष्ट अधिकाराच्या चर्चेत सहसा निसटते. मुंडकोपनिषदही गुरू श्रोत्रिय, म्हणजे शास्त्र जाणणारा, आणि ब्रह्मनिष्ठ असावा, अशी अट घालते.

मेंदूच्या प्रतिमांकनात तर गुरूची ही पारख अटळ आहे. ज्या फंक्शनल एमआरआयचा पाया सेइजी ओगावा यांच्या 1990 च्या कामाने घातला, तो विचार टिपत नाही. तो रक्तातल्या प्राणवायूशी निगडित संकेत टिपतो, हा संकेत चेतापेशींच्या क्रियेनंतर सुमारे पाच सेकंदांनी शिखर गाठतो, आणि चित्रातल्या एकेका ठिपक्यात लाखो चेतापेशी सामावलेल्या असतात. अशा रंगीत पटलावर बोट ठेवून ‘हेच ध्यान’, ‘हीच श्रद्धा’ असे म्हणून टाकण्याचा मोह प्रबळ असतो, आणि त्या मोहाला जो मार्गदर्शक प्रयोगशाळेत रोज आवर घालतो, तोच या शास्त्रातला श्रोत्रिय म्हणावा लागेल.

म्हणून मानेसरचे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र असो, बंगळूरचे निम्हान्स असो की परदेशातील प्रयोगशाळा असो, अर्ज करणाऱ्याने संकोच सोडून काही गोष्टी विचारल्याच पाहिजेत: निधी किती वर्षांचा आहे, पूर्वीचे विद्यार्थी आज कोठे आहेत, निबंधावर पहिले नाव कोणाचे लागते, स्कॅनरवर किती वेळ मिळतो, आणि अपेक्षेविरुद्ध आलेला निष्कर्ष तेथे प्रसिद्ध होतो का. कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती 2023 पासून दरमहा 37,000 रुपये झाली असली, तरी तारुण्याची पाचसहा वर्षे ज्याच्या हाती सोपवायची, त्याच्याविषयीची ही चौकशी उद्धटपणाची मानली जाऊ नये. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर टाळले गेले, तर ती जागा सोडून देण्याचा अधिकारही विद्यार्थ्याचाच आहे.